सोळा दिवस, अकरा जण आणि अख्खं पुणे: कोणाला कधी भेटू?

आखेनकर_जाई | ४ डिसेंबर २०२४, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी, तीन वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कोथरूडची, डहाणूकर कॉलनी. सध्या जर्मनीत आखेनला मास्टर्स करतीये (मेकॅनिकल, दुसरं काय), तिसरं सेमिस्टर चालू आहे आणि सव्वा वर्षानी पहिल्यांदा घरी येतीये. २० तारखेला फ्रँकफर्टहून विमान, ५ जानेवारीला परत. सोळा दिवस ऐकायला बरे वाटतात पण हिशोब बघा, दोन दिवस विमानात आणि घाटात जाणार, दोन दिवस साताऱ्याला आजीकडे, २९ ला आईने सत्यनारायण घातलाय, एक दिवस दाताच्या डॉक्टरकडे (इथला रूट कॅनालचा आकडा ऐकून माझी दाढ दुखायचीच थांबली होती), एक दिवस बँकेत केवायसी नावाच्या राक्षसाला वाहिलेला. उरले आठ-नऊ. आणि भेटायचेत अकरा जण.

कॉलेजात असताना सगळे कर्वेनगरच्या आसपास, "टपरीवर ये" एवढा मेसेज पुरायचा. आता एक जण खराडीला, दोघं हिंजवडी फेज ३, एकाने मोशीला फ्लॅट घेतलाय, एक धायरीला, एक लग्न होऊन उंड्रीला गेली, बाकीचे असेच विखुरलेले, आणि टपरी तर राहिलीच नाही, तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात म्हणे. ग्रुपवर विचारलं कधी भेटायचं तर ४३ मेसेज आले, त्यातले निम्मे स्टिकर, तारीख एकही नाही.

तर प्रश्न असा की सगळ्यांना एकाच दिवशी एका ठिकाणी बोलवावं की एकेकाकडे जावं? आणि बिल कोणी द्यायचं? कारण "तू काय बाबा युरोवाली" हे आत्ताच सुरू झालंय. मी लॅबमध्ये आठवड्याला दहा तास हिवी (विद्यार्थी-मदतनीस) म्हणून राबते, त्यातून भाडं आणि आरोग्यविमा गेला की जे उरतं त्यात डोनर खाताना पण नव्वदने गुणाकार करते.

अजून एक. माझी एक मैत्रीण आहे, तिला इथे 'म' म्हणते. बार्शीची, चार वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर. दिवाळीला घरी जायला नाही जमलं तर फराळ आमच्याकडेच. ती सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतीये. ऑगस्टपासून तिने माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिका येतात फक्त. तिला भेटायला जावं का नाही तेच कळत नाहीये.

---

शनिपारचा_काका | ५ डिसेंबर, सकाळी ६:१२

अकरा जणांना तुम्हाला भेटायचंय हे त्यांनी सांगितलं, का तुम्हीच ठरवलंत? आधी ती यादी तपासा, निम्मी कमी होईल.

आणि ज्याच्याकडे जाल त्याला आधी कळवून जा. दुपारी १ ते ४ जाऊ नका. न कळवता गेलात तर चहा मिळेल, पोह्यांची खात्री नाही.

---

बफेलोची_म्हैस | ५ डिसेंबर, सकाळी ७:४०

काका, लोल.

जाई, मी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला आहे (नाव त्यावरून, वजनावरून नाही). मागच्या वर्षी हेच केलं होतं. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलवलं आणि साडेसात वाजता पाणीपुरीच्या गाडीवर उभ्याउभ्या झोपलो. आमच्याकडून येताना दिवसाची रात्र होते, तुला थंडीत साडेचार तासांचाच फरक त्यामुळे तू दोन दिवसांत रुळशील. पण पाणीपुरी पहिल्या दिवशी नको म्हणजे नको. पुढचे तीन दिवस मी ज्या खोलीत काढले तिथे मित्रांना बोलवता येत नाही.

अवांतर: अमेरिकेतले कोणी वाचत असाल तर निघायच्या आधी आय-२० वरची (विद्यापीठ देतं तो व्हिसाचा कागद) प्रवासाची सही बघा, एक वर्ष चालते, ओपीटीवर (शिक्षणानंतरची कामाची परवानगी) असाल तर सहाच महिने. माझ्या एका मित्राला हे विमानतळावर जायच्या आदल्या रात्री आठवलं, सही करणारी बाई सुट्टीवर. त्याने त्या वर्षी पुणे व्हिडिओ कॉलवरच बघितलं.

---

मोशीचा_मावळा | ५ डिसेंबर, दुपारी १:०५

धागा वाचून वाटलं आमच्याच ग्रुपमधलं कोणीतरी नाव बदलून आलंय. मी मोशीला फ्लॅट घेऊन बसलेल्यांपैकी एक, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो, राग मानू नकोस.

मागच्या डिसेंबरमध्ये आमचा एक मित्र आला, जर्मनीतूनच. बुधवारी रात्री ८ वाजता एफसी रोडला या सगळे, असा फतवा काढला. बुधवारी. मी ऑफिसातून निघून नाशिक फाटा, दापोडी, खडकी करत पोचलो तेव्हा पावणेनऊ झालेले, बाहेर टेबलसाठी नाव लिहून उभं राहायचं, साडेनऊला बसायला मिळालं. चौदा जण. मी टेबलाच्या या टोकाला तो त्या टोकाला. दोन तासांत आमचं बोलणं काय झालं तर "काय म्हणतोस", "बस चाललंय", आणि त्याने बर्फातले फोटो दाखवले, ते मी इन्स्टावर आधीच लाईक केलेले होते. घरी पोचलो साडेबाराला, सकाळी ९ चं स्टँडअप. आणि वर महिनाभर ऐकतोय की "तुम्ही लोकं पुण्यात असून भेटत नाही".

अरे आम्ही पुण्यात आहोत म्हणजे काय एफसी रोडच्या कट्ट्यावर बसून आहोत का? मी स्वतः सहा-सहा महिने नदी ओलांडत नाही. तुमच्या डोक्यातलं पुणे तुम्ही गेलात त्या दिवशीचं असतं, त्यात आम्ही पण त्याच दिवशीचे असतो. आम्हाला ईएमआय आहे, टँकरचं पाणी आहे, सोसायटीची मीटिंग आहे.

तेव्हा माझं मत, बोलवू नकोस, जा. ज्याच्याकडे जाशील तो काय करत असेल ते त्याच्याबरोबर कर. संपलं.

---

खराडी_बायपास | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

मावळ्याला +१००. फक्त एक, घरी येणार असशील तर आम्हाला पण घर आवरावं लागतं, तेही बघ :)

---

ट्रॅफिकग्रस्त_वनाज | ५ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

दोन्ही करा की. एकदा सगळे, बाकी एकेक. सगळ्यांसाठी जागा निवडताना आता मेट्रो धरून विचार करा, तुम्ही गेलात तेव्हापेक्षा बरीच पुढे गेलीये.

वनाज ते रामवाडी अख्खी लाईन मार्चपासून सुरू आहे. दुसरी पिंपरीकडून येणारी, ती २९ सप्टेंबरपासून जमिनीखालून थेट स्वारगेटपर्यंत जाते. दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात, तिथे तेहेतीस मीटर खाली उतरायचं, सरकते जिने संपतच नाहीत, घरच्या सत्यनारायणाची पोथी वाचून होईल. म्हणजे खराडीवाला रामवाडीला गाडी लावेल, मोशीवाला नाशिक फाट्याला चढेल, उंड्री-धायरीवाले स्वारगेटला, आणि तुम्ही वनाजहून. सगळ्यांना सोयीचं म्हणजे डेक्कन. फक्त मेट्रो सध्या रात्री १० ला बंद होते, त्यामुळे १० नंतरच्या गप्पा रिक्षावाल्याच्या मर्जीवर.

हिंजवडीवाल्यांचं काही खरं नाही. त्यांची लाईन व्हायचीये. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला तेव्हापासून गणेशखिंड रोडवर जे चाललंय ते बघून त्यांना सुट्टीच्या दिवशीच बोलवा. २५ ला बुधवार आहे, नाताळची सुट्टी.

चांदणी चौकाचं मात्र मानलं पाहिजे, जुना पूल पाडून नवीन केला तो बरा झालाय. फक्त पहिल्यांदा गेलात तर चुकीच्या फाट्याला लागून थेट मुळशीकडे निघाल, आम्ही सगळेच गेलोय.

---

म्युनिकचा_पंत | ५ डिसेंबर, रात्री १०:१५

मित्रांचं बघालच, आधी कागद बघा. रेसिडेन्स परमिटचं कार्ड कधी संपतंय?

---

आखेनकर_जाई | ६ डिसेंबर, रात्री १२:३०

बाब्बौ, एवढे प्रतिसाद! मावळ्या, राग नाही रे, पण लागलं थोडं. मी पण बुधवारच टाकणार होते.

पंत, कार्ड नोव्हेंबरमध्ये संपलं, नव्यासाठी अर्ज ऑक्टोबरमध्येच केलाय, अपॉइंटमेंट मिळाली फेब्रुवारीची. मधल्या काळासाठी तो घडीचा कागद दिलाय, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. आई म्हणते नावातच फिक्शन आहे, यावर कसली विमानात बसतेस.

---

म्युनिकचा_पंत | ६ डिसेंबर, सकाळी ८:००

आई बरोबर बोलतीये. कागदाच्या आत चौकोन असतात, त्यात कुठल्या कलमावर फुली आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या पोटकलम ४ वर असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि परत येता येतं. पोटकलम ३ वर असेल तर बाहेर पडलात की परतीचं अवघड. तुम्ही कार्ड संपायच्या आधी अर्ज केलाय म्हणजे ४ च असणार, पण डोळ्यांनी बघा. जुनं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर ठेवा, मुंबईला काउंटरवरच्या माणसाने हा कागद आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला असतो, शांतपणे समजावून सांगा, वेळ हाताशी ठेवून जा.

दुसरं, भारतातलं सिम जिवंत आहे का? नव्वद दिवस काहीच वापर नसेल आणि बॅलन्स पण नसेल तर नंबर जातो. नंबर गेला की ओटीपी गेला, ओटीपी गेला की यूपीआय गेलं, आणि पुण्यात आता भाजीवाली पण सुट्टे म्हटलं की स्कॅनर दाखवते. परदेशी नंबरवर एनआरआय खात्याचं यूपीआय सुरू झालं २०२३ मध्ये, पण ज्या दहा देशांची यादी आली त्यात अमेरिका, युके होते, जर्मनी नव्हती. तेव्हा थोडी रोख ठेवा. हो, आणि शिकायला गेलेले पण फेमाखाली (परकीय चलन कायदा) एनआरआयच धरतात, बँकेत जाताय तर साधं खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करायचं तेव्हाच उरका.

तिसरं, परतताना तूप नाही. दूध-मांस यांचं काहीही युरोपीय संघात बाहेरून सामानात आणायला बंदी आहे, पेढे, बर्फी, तूप सगळं आलं त्यात. कढीपत्ता पण नाही. बाकरवडी, मेतकूट, भाजणी खुशाल आणा.

---

सुलभाकाकू | ६ डिसेंबर, सकाळी ९:४५

तूप नाही??? घरी कढवलेलं??

मी मोबाईलवर टाईप करते, चुका असतील. माझा मुलगा लीड्सला होता त्याच्या वेळचं सांगते. सोळा दिवस आला. सकाळी उठला की अंघोळ, नाश्ता, आणि "आई येतो". रात्री अकराला परत. मी रोज काहीतरी करून ठेवायची, एक दिवस उकडीचे मोदक, गणपती नसताना. तो यायचा खाऊन. जायच्या दिवशी विमानतळावर गळ्यात पडून रडला आणि म्हणाला आई तुझ्याशी बोलायचंच राहिलं. मी काही बोलले नाही पण आले होते ओठावर की बाबा मी घरीच होते.

मुली, मित्रांना घरी बोलव. पोहे मी करीन म्हणेल तुझी आई, विचारून बघ. आम्हाला पण तुमचे मित्र आवडतात गं, ते गेले की घर शांत झालेलं असतं.

---

शनिपारचा_काका | ६ डिसेंबर, सकाळी ९:५८

सुलभाताईंशी सहमत. लिहून ठेवा, मी सहसा कोणाशी सहमत होत नाही.

---

बफेलोची_म्हैस | ६ डिसेंबर, सकाळी १०:३०

काकू, डोळ्यात पाणी काढलंत सकाळी सकाळी. (माझ्याकडे रात्रच आहे.)

बिलाबद्दल कोणीच बोललं नाही. माझं स्पष्ट मत, पहिलं बिल परदेशातून आलेल्याने द्यावं आणि विषय संपवावा.

---

मोशीचा_मावळा | ६ डिसेंबर, सकाळी ११:१०

अजिबात नाही. तुम्ही बिल देता आणि मग आम्हाला पुढच्या वेळी यायचा संकोच वाटतो. टीटीएमएम (तू तुझं मी माझं) करा, वैशालीत नाही टपरीवर भेटा, दोघांच्या खिशाला झेपतं. आणि चॉकलेटं वाटू नका रे, ती इथे पण मिळतात, ब्लिंकिटवर दहा मिनिटांत येतात.

---

खुर्ची_नं_१७ | ७ डिसेंबर, रात्री २:१५

मी इथे कधी लिहीत नाही. शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत असतो, १७ नंबरची खुर्ची, गेली चार वर्षं. धाग्यात सगळे अकरा जणांबद्दल बोलताहेत, 'म' बद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितोय.

ऑगस्ट म्हणजे काय ते तुला तिकडे कळलं नसेल. २५ ऑगस्टला राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती, त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली, पोरं रस्त्यावर बसली, रात्रभर. मग पूर्व पुढे ढकलली, ती झाली आत्ता १ डिसेंबरला. तिची तयारी ऑगस्टला टोकाला आली असेल तर ती परत तीन महिने ताणून धरायची, तेवढ्यासाठी घरून परत पैसे मागायचे. त्यात २०२५ पासून पॅटर्न वर्णनात्मक, म्हणजे यावेळी नाही झालं तर सगळं नव्याने. अशा वेळी जर्मनीतून मेसेज येतो "कशी आहेस, काय चाललंय?" याचं उत्तर काय द्यायचं? तेच चाललंय. तू गेलीस तेव्हा जे चालू होतं तेच.

माझा एक मित्र आयर्लंडला आहे. तो आला की मी गावी गेलोय सांगतो. खोलीत बसून असतो. त्याचा राग नाही, तो चांगला आहे. पण तो मला जिथे नेणार तिथल्या एका डोश्यात माझं मेसचं दोन वेळचं जेवण होतं, आणि तो पैसे देणार हे मला माहीत असतं, तेच नको असतं.

तिला कॅफेत बोलवू नकोस. "निकाल कधी" विचारू नकोस. संध्याकाळी पाच-साडेपाचला सगळ्या अभ्यासिका चहाला खाली उतरतात, पंधरा मिनिटं. तेव्हा ये आणि चहा पी. ती आलीच नाही तर दुसऱ्या दिवशी परत ये. एवढंच.

---

आखेनकर_जाई | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

१७ नंबर, काय लिहू कळत नाहीये. मी खरंच दर रविवारी तोच मेसेज करत होते. "काय चाललंय". शब्दशः.

धन्यवाद. आणि झोपा हो, दोन वाजता काय जागताय.

---

खुर्ची_नं_१७ | ८ डिसेंबर, रात्री १:४०

:)

---

आखेनकर_जाई | ७ जानेवारी २०२५, रात्री ९:३०

मंडळी, परत आले. बाहेर उणे दोन, सकाळी साडेआठशिवाय उजाडत नाही. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं पण धागा तसाच सोडणं बरं वाटत नाही.

पंत, फुली ४ वरच होती. मुंबईला काउंटरवरच्या मुलीने खरंच तो कागद उलटा धरला होता. सिम मेलेलं. बँकेत दोन चकरा.

पोचले २१ ला शनिवारी, घाटात दीड तास अडकून. बाबा म्हणाले उद्या सवाईचा शेवटचा दिवस आहे, येतेस का, तर मुकुंदनगरला जाऊन बसले आणि तिसऱ्या गायकाला बाबांच्या खांद्यावर झोपले. त्यांनी उठवलं नाही.

२५ ला डेक्कनला सगळे. अकरातले सात आले. मावळ्या, तू लिहिलंस तस्संच झालं, टेबलाची दोन टोकं, खूप हसलो, फोटो काढले, जुने किस्से परत सांगितले, आणि पावणेदहाला मेट्रोसाठी पळापळ. वाईट नव्हतं. पण घरी येताना वनाजच्या जिन्यावर वाटलं आपण कोणाला काहीच विचारलं नाही. आखेनचे प्रिंटन नेले होते वाटायला, मसाल्याचं कडक बिस्कीट असतं नाताळचं, धायरीवाल्याच्या बाबांनी चावून बघून विचारलं की शंकरपाळं किती दिवसांचं आहे.

मग मात्र मावळ्याचं ऐकलं. खराडीवाला म्हणाला शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकायचीये, येतेस? गेले. चंदननगरच्या एका गॅरेजबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अडीच तास बसलो, मेकॅनिक म्हणाला अर्ध्या तासात होईल म्हणून. तिथे समोर चेन साफ होत असताना त्याने सांगितलं की जूनमध्ये त्याच्या वडिलांची बायपास झाली. जूनमध्ये आम्ही दोनदा व्हिडिओ कॉल केला होता, त्याने एक शब्द काढला नव्हता. मी म्हटलं का नाही सांगितलंस, तर म्हणाला तू तिकडे काय करणार होतीस, उगीच परीक्षेत टेन्शन. मग गप्प बसलो. मग बिल आलं त्यात न बदललेलं ब्रेक लायनर लावलं होतं, त्यावर मेकॅनिकशी मी भांडले, तो बघत बसला. जर्मनीत सव्वा वर्ष कोणाशी मराठीत भांडले नव्हते, फार बरं वाटलं.

मोशीला पडद्यांचे रॉड लावले, ड्रिल मी चालवलं. उंड्रीला मैत्रिणीच्या सासूबाई पूर्ण वेळ सोफ्यावर बसून होत्या, छान होत्या, माझ्या पगाराची, वयाची आणि उंचीची चौकशी केली. मैत्रीण खाली पार्किंगपर्यंत सोडायला आली आणि स्कूटरचं हँडल धरून पाऊण तास बोलली. वरून दोनदा फोन आला, "दही विरजायचंय".

आता 'म'. २६ ला पाच वाजता शास्त्री रोडला जाऊन उभी राहिले. कळवलं नव्हतं (काका, माफ करा). पोरांचा लोंढा खाली उतरला त्यात ती होती, बारीक झालीये, चष्मा लागलाय. मला बघून थांबली आणि पहिलं वाक्य काय तर, "तू जाड झालीस गं." चहा घेतला. पंधरा मिनिटं थंडीबद्दल बोललो. पुण्यात दहा डिग्री असताना सगळे कानटोपी घालतात आणि मी टी-शर्टवर, यावर. पावणेसहाला ती वर गेली.

२७ ला परत गेले. परत पंधरा मिनिटं. खोलीतल्या मुलींबद्दल, एक जण झोपेत चालू घडामोडी बोलते. त्यानंतर आजीकडे गेले, सत्यनारायण झाला, ३० ला परत गेले तर ती आधीच खाली उभी होती, म्हणाली दोन दिवस कुठे होतीस. त्या दिवशी तिने स्वतःहून सांगितलं, पहिल्या उत्तरतालिकेवरून काठावर आहे, होईल किंवा नाही होणार. मी काही म्हटलं नाही. माझंही एक सांगितलं, थर्मोचा पेपर दोनदा नापास झालेय आणि तिसरा शेवटचा चान्स आहे, हे घरी माहीत नाही. (आई इथे वाचत नसावी अशी आशा.) ती एवढंच म्हणाली, तुला थर्मो कधीच यायचं नाही, मीच शिकवलंय ना. मग टपरीवरच्या पेपरच्या कागदावर तिने मला कार्नो सायकल काढून दाखवली आणि चहा सांडला त्यावर.

सहा वेळा भेटलो एकूण. पंधरा पंधरा मिनिटं. बिल दहा रुपये, एक दिवस ती, एक दिवस मी.

४ ला रात्री ती घरी आली राहायला. आईने तिच्यासाठी वरणभात, तूप, लिंबू, आणि तळलेले पापड केले, माझ्यासाठी सोळा दिवसांत एकदाही पापड तळले नव्हते. रात्री बॅग भरायला बसलो. आईने बॅगेत तुपाचा डबा घातला, मी काढला, आईने परत स्वेटरमध्ये गुंडाळून घातला, मी परत काढला. पहाटे टॅक्सी आली तेव्हा 'म' झोपेतून उठून खाली आली, आई-बाबांच्या शेजारी शाल गुंडाळून उभी होती.

---

बफेलोची_म्हैस | ७ जानेवारी, रात्री ११:०५

वाखू (वाचनखूण) साठवली. थर्मोसाठी शुभेच्छा, मी पण त्याच नावेत होतो.

---

मोशीचा_मावळा | ८ जानेवारी, दुपारी १:१५

रॉड लावून दिलेस म्हणतेस, आमच्याकडे पण पडदे राहिलेत.

---

म्युनिकचा_पंत | ८ जानेवारी, संध्याकाळी ६:००

परीक्षा तिसरी असेल तर आधी परीक्षेच्या नियमांत बघा तोंडी परीक्षेची सोय आहे का, बऱ्याच ठिकाणी असते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

खुर्ची_नं_१७ | ९ जानेवारी, रात्री १:५५

२६ तारखेला टी-शर्टवर उभी असलेली मुलगी तू होतीस तर. आम्ही पैज लावली होती की क्लासच्या जाहिरातवाली आहे.

---

सुलभाकाकू | ९ जानेवारी, सकाळी ९:३०

सगळं वाचलं. तुपाचं काय झालं शेवटी?

---

आखेनकर_जाई | ९ जानेवारी, रात्री ८:१०

काकू, 'म' घेऊन गेली. खोलीत आठ जणी आहेत, चार दिवसांत संपलं म्हणे. काल मेसेज आला, डबा घासून ठेवलाय, काकूंना सांग.